ॲलर्जीचा कोरा रकाना

मी आमच्या कंपनीच्या पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसात पोचले तेव्हा तिकडे हॉस्पिटलात एक पेशंट बाई व्हेंटिलेटरवर होत्या. त्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी. दाखल केलं तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या आणि हॉस्पिटलच्या नव्या सिस्टिममध्ये ॲलर्जीचा रकाना कोरा होता. डॉक्टरांनी पेनिसिलिनचंच इंजेक्शन दिलं.

जुन्या डेटाबेसमधली माहिती नव्यात नेण्याचं काम आमच्या कंपनीचं. मी त्या प्रोजेक्टवर नव्हते. आग लागली की मला बोलावतात.

जुना सर्व्हर सुदैवाने अजून चालू होता. त्यात बाई मागच्या खेपेला दाखल होत्या तेव्हा सिस्टरांनी स्वच्छ मराठीत लिहिलेलं सापडलं, ‘पेनिसिलिन देऊ नये.’ इंग्रजी नोंदी नव्या सिस्टिममध्ये नीट आल्या होत्या. मराठी तेवढ्या गायब.

कम्प्युटर अक्षरांचे आकडे साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, या ठरावाला एन्कोडिंग म्हणतात. जुन्यातून नव्यात नेताना नोंदी आमच्या एका मधल्या टेबलातून जात, आणि त्या टेबलाचा ठराव फक्त इंग्रजीपुरता होता. त्यात मराठी ओतलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. पण इथे तीही नव्हती.

प्रोजेक्ट मॅनेजर कुलकर्णींना विचारलं, प्रश्नचिन्हं कुठे गेली?

“ती आम्ही काढली,” ते म्हणाले. “अहो, हॉस्पिटलच्या ट्रस्टींना डेमो द्यायचा होता. स्क्रीनभर कचरा दिसत होता.”

“आणि टेस्टिंगमध्ये हे कळलं नाही?”

“टेस्ट डेटा आपण इंग्रजीतच टाकतो ना.”

खरं होतं. टीममधले सगळे घरी मराठी बोलणारे, टेस्टिंगचे पेशंट मात्र जॉन आणि मेरी. मला संताप आला.

आधी वॉर्डात फोन केला. म्हटलं, स्क्रीनवर विसंबू नका, औषध देण्याआधी प्रत्येक पेशंटला, नाहीतर नातेवाइकांना तोंडी विचारा. मग मधलं टेबल काढून टाकलं, दोन्ही टोकांना सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-एट लावलं आणि जुन्या सर्व्हरवरून सगळ्या नोंदी पुन्हा आणल्या. मराठी अक्षरं जशीच्या तशी आली. मी ती तपासत होते तेव्हा हॉस्पिटलातून फोन आला. बाई गेल्या.

रिपोर्टमध्ये ‘डेटा क्लीनिंग’ असं लिहा, कुलकर्णींनी सुचवलं. मी ‘ॲलर्जीच्या नोंदी पुसल्या’ असं लिहिलं. त्यांना ते आवडलं नाही. बाईंच्या मुलाला समोर बसवून हे सांगायचं कामही मग माझ्याकडेच आलं.

डेटा बिघडला तर बिघडलेला दिसू द्यावा. तो कचरा स्क्रीनवर राहिला असता, तर सिस्टरांनी कोणाला तरी फोन केला असता. कोरा रकाना पाहून कोणी फोन करत नाही.