दोन परक्या भाषा आणि एक लोढणं

सरांनी माझा निबंध आधी उभा फाडला, मग आडवा. घाई अजिबात नव्हती. सकाळचा एम.ए.चा वर्ग, सगळे बाक भरलेले. "ज्युला आणि सिलेशियन," ते म्हणाले. "एक आफ्रिकेतली, एक पोलंडमधली. आणि तुलना कोण करणार, तर घाटंजीकडचा तांडा." वर्ग हसला. मीही हसले. तेच हसणं मला अजून डाचतं.

विषय मीच निवडला होता. कुठल्याही दोन भाषांची तुलना करा, एवढंच सरांनी सांगितलं होतं. बाकीच्यांनी मराठी-हिंदी घेतलं. मी वाचनालयातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मोबाइलवर शब्द शोधत महिनाभर वाचलं. ज्युला ही पश्चिम आफ्रिकेतल्या फिरत्या व्यापाऱ्यांची भाषा. मीठ, कापड, कोलाची फळं घेऊन मुलूखभर हिंडणाऱ्यांची. आम्ही बंजारे. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ लादून असेच हिंडायचे. सिलेशियन बोलतात पोलंडच्या दक्षिणेला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. आपल्या वणीकडं आहेत तशा खाणी. घरात सगळे बोलतात, आणि सरकार म्हणतं ही भाषाच नव्हे, पोलिशची बोली आहे. ज्युला बाजारातून परक्यांच्याही तोंडी बसली. सिलेशियनला स्वतःच्याच गावात भाषा म्हणवून घ्यायला भांडावं लागतं. इथवर सरांची हरकत नव्हती.

हरकत शेवटच्या पानाला होती. तिथं मी लिहिलं होतं की फ्रेंचांच्या राज्यात आफ्रिकेतल्या कित्येक शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. सिलेशियातली म्हातारी माणसं शाळेत खाल्लेल्या थपडा सांगतात. आणि आमच्या शाळेत लोढणं होतं.

ओढाळ गुरांच्या गळ्यात बांधतात ते लाकूड. चालताना गुडघ्यांवर आपटतं. गुरुजींनी ते आमच्या मापाचं करून घेतलं होतं. जो गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलेल त्याच्या गळ्यात. त्यानं दुसऱ्याला बोलताना पकडायचं आणि लोढणं त्याच्या गळ्यात घालायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल, त्याला छडी. गुरुजींना दिवसभर काही करावंच लागत नसे. आम्हीच एकमेकांचे शिपाई.

चौथीत होते. त्या दिवशी दुपारपासून ते माझ्या गळ्यात होतं. शेवटचा तास आला, पण कुणी तोंड उघडेना. माझ्या शेजारी शेवंती बसायची. एकाच तांड्यावरच्या आम्ही, एका ताटात जेवणाऱ्या. मी बाकाखालून तिच्या मांडीत नखं रोवली. कातडी निघेपर्यंत रोवली. ती ओरडली, "याडी." आमच्यात आईला याडी म्हणतात. मार बसला की तोंडातून तेच निघतं.

मी हात वर केला. "गुरुजी, शेवंती बोलली."

छडी तिच्या बोटांवर मोडली. मोडल्यावर गुरुजींनी उरलेल्या तुकड्यानं मारलं. तिचं करंगळीजवळचं बोट आजही सरळ होत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास. तू शिकशील." आणि मी शिकले.

हे सगळं त्या पानावर होतं. सर म्हणाले, "या दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. खंड वेगळे, घराणी वेगळी."

"मारणाऱ्यांचा संबंध आहे, सर."

"मारलं म्हणूनच आज इतकं शुद्ध बोलतेस. त्या गुरुजींचे पाय धर." मग मागच्या बाकाकडं बोट केलं. "ती पण तांड्यावरचीच. सांग गं, तुला झाला का कधी त्रास?"

पोरगी उभी राहिली. मघाशी सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती. "नाही सर. आमच्या घरी आता ते कुणी बोलतच नाही."

"शाब्बास," सर म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. सरांनी दंड धरून मला खाली ढकललं, "चूक झाली म्हण आणि बस." मी दंड सोडवला नाही. त्यांचाच हात धरून पिरगाळला आणि छातीत धक्का दिला. ते टेबलावर आदळले, चष्मा फुटला. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. शिपायानं केस धरून मला बाहेर काढेपर्यंत मी आमच्या बोलीत बोलत होते. मागच्या बाकावरच्या पोरीला सगळं कळत होतं. ती खाली बघत होती.

लेखी माफी द्या, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, असं पत्र आलं. मी बोरी अरबला गेले. शेवंती तिथं दिली आहे. कापूस वेचत होती. मी नखांचं सगळं सांगितलं, गोरबोलीत. माफी मागितली. तिनं मराठीत उत्तर दिलं. ती आता कुणाशीच आमच्या बोलीत बोलत नाही, स्वतःच्या लेकरांशीही नाही.

"माफी तुह्यापाशीच ठेव. मले मालूम होतं तूच चिमटलं म्हणून." वेचणं थांबलं नव्हतं. "त्या मास्तरचं नाव लिवलं का तुनं?"

"नाही."

"काहून?"

निबंधात मी 'एक शिक्षक' लिहिलं होतं. 'एक मुलगी' लिहिलं होतं. आणि नखं कुणाची, तर 'एका विद्यार्थिनीची'.

"लिवाचं असन तं नाव घालून लिव. माहंही घाल. नाहीतं मले कायले सांगून राह्यली?"

माफीचं पत्र मी दिलेलं नाही. देणार नाही. परीक्षा गेली तर जाऊ दे. तोच निबंध पुन्हा लिहिते आहे. ज्युला आहे, सिलेशियन आहे आणि निम्म्याहून जास्त पानं आता गोरबोलीची आहेत. याच वर्गासमोर उभी राहून वाचणार. पुन्हा फाडला तर पुन्हा लिहीन, आणि हात लावला तर हात उचलीन. शेवटच्या पानावर मारणाऱ्यांची नावं आहेत. गुरुजींचं आहे, सरांचं आहे. त्या दोघांच्या वर, पहिलं नाव माझं आहे.