स्पिरिटातलं पाणी

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा सांगलीजवळच्या एका कारखान्यात उसाच्या मळीपासून मोटारींसाठी स्पिरिट काढत. बी.एस्सी.चा कागद घेऊन मी वाईहून तिथं केमिस्ट म्हणून रुजू झालो. सगळे साहेब म्हणू लागले आणि आठवडाभरात माझी मान ताठ झाली.

मळीत यीस्ट सोडण्यापासून भट्टी उतरेपर्यंतचं सगळं काम एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे होतं. टाकीतला फेस बघून तो म्हणायचा, "आज यीस्ट लय खूश हाय." मला हसू यायचं. पण मी येण्यापूर्वी दोनदा त्याच्या स्पिरिटात पाणी निघालं होतं. तिसऱ्यांदा निघालं तर घरी बसायचं, असं मॅनेजरांनी त्याला बजावलं होतं. आणि घरात कमावणारा तो एकटाच.

तपासणी सोपी होती. काचेच्या नळीत पेट्रोल घ्यायचं, त्यात स्पिरिट घालून हलवायचं. नितळ राहिलं तर माल कोरडा, दुधी झालं तर पाणी आहे. माझी ती पहिलीच तपासणी, आणि नळी दुधी झाली. मी लगेच अहवाल लिहून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला आणि मोठ्या ऐटीत मिस्त्रीला सांगितलं.

तो भांडला नाही. "आवं सायेब, माज्या म्होरं एकदा करून दावा की," एवढंच म्हणाला.

मी नळी उचलली, बादलीत विसळली, झटकली. आमच्या घरी फडताळातलं भांडं विसळल्याशिवाय कुणी वापरत नसे. हाताला तीच सवय.

"नळी वली हाय न्हवं?" तो हळूच म्हणाला.

पहिल्या तपासणीलाही मी ती अशीच विसळून घेतली होती. कॉलेजात शिकलेलं सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे. नळी पुसून, चांगली वाळवून पुन्हा तपासलं. नितळ!

मी तडक मॅनेजरांकडे गेलो. चूक माझीच झाली, हे वाक्य वाटेत घोकत होतो. तोंडातून निघालं, "पुन्हा तपासलं. माल चांगला आहे." त्यांनी अहवाल फाडला, वर माझी पाठ थोपटली आणि मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"साहेबांनी दुसऱ्यांदा तपासलं म्हणून वाचलास. पाया पड त्यांच्या."

मिस्त्री माझ्या वडिलांहून मोठा. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला खरं बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मग तो वाकला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.