लोड केस सहा

नव्या व्हर्जनमध्ये मी पहिलीच जुनी फाईल उघडली आणि स्क्रीनच्या तळाशी एक पिवळी ओळ आली. लोड केस सहा कुठल्याही कॉम्बिनेशनमध्ये घेतलेली नाही, अशा अर्थाची. अशा पिवळ्या ओळी आम्ही मंडळी सहसा वाचत नाही, ओके दाबून पुढे जातो. त्या दिवशी वाचली, कारण सॉफ्टवेअर नवं होतं आणि त्याला मोजलेली रक्कम अजून सलत होती. वाचली आणि हात माउसवरच राहिला.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. धुळ्यात देवपूरला माझं ऑफिस आहे. इमारत दिसेल कशी हे आर्किटेक्ट ठरवतो, ती उभी राहील कशी हे माझ्याकडे. कॉलम किती जाड, बीममध्ये सळ्या किती. हे गणित करणारं सॉफ्टवेअर मी अकरा वर्षांपूर्वी घेतलं होतं. त्यासोबत पेनड्राइव्हसारखं एक छोटं लॉक मिळतं. ते कॉम्प्युटरला लावलं तरच प्रोग्रॅम चालतो.

फाईल होती शिंदखेड्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाची. चार वर्षांपूर्वी बांधून झालेली, दोन मजले, वर पाण्याची टाकी. संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे आबांना, आता तिसरा मजला चढवायचा होता. म्हणून फाईल उघडली होती.

लोड केस म्हणजे काय, ते सांगते. इमारतीवर जेवढे भार येतात त्यांना आम्ही नंबर देतो. एक म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, दोन भिंती, तीन फरशी, चार माणसं आणि सामान, पाच भूकंप. मग या भारांच्या वेगवेगळ्या बेरजा करतो, त्यांना कॉम्बिनेशन म्हणतात. डिझाईन होतं ते या बेरजांवर. भार नोंदवला पण बेरजेत घेतला नाही, तर लग्नाच्या यादीत पाहुण्याचं नाव आहे आणि पंगतीत त्याचं पान मांडलेलंच नाही, असा प्रकार होतो.

सहा नंबरचा भार होता टाकी.

आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे. कोरी फाईल कुणी उघडत नाही. जुन्या कामाची फाईल कॉपी करायची, नाव बदलायचं आणि पुढे जायचं. ही फाईल मी जळगावच्या एका डाळमिलच्या ऑफिस इमारतीवरून घेतली होती. तिथे भार पाचच होते, बेरजाही पाचांच्याच. वसतिगृहावर आधी प्लास्टिकची छोटी टाकी ठरली होती. मग आबा म्हणाले, आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, वीस हजार लिटरची काँक्रीटची टाकी पाहिजे. वीस हजार लिटर म्हणजे वीस टन पाणी, टाकीचं वजन वेगळं. मी तो भार सहा नंबरला टाकला आणि बेरजा वाढवायला विसरले. जुन्या व्हर्जनने एका शब्दाने विचारलं नाही. सगळं हिरवं दाखवलं आणि मी सही केली.

पहिला विचार आला की नवं सॉफ्टवेअरच चुकत असणार. जुन्यात चालवून बघू. पण जुनं आता नव्हतंच.

कारण असं. जळगावचा नीलेश हे सॉफ्टवेअर विकतो. पाच वर्षांपूर्वी, नेमकं या वसतिगृहाचं डिझाईन चालू असताना, त्याचा फोन आला होता. "मॅडम, कुठलंही जुनं व्हर्जन असू द्या, अपग्रेड निम्म्या किमतीत." मी म्हटलं, "दिवाळीला याहून चांगली स्कीम येईल." दिवाळीला कंपनीने धोरणच बदललं. सवलत फक्त शेवटच्या दोन व्हर्जनना, माझं बाद. मी चिडून थांबले. पुढच्या वर्षी सवलत सगळ्यांनाच बंद. यंदा नीलेश म्हणाला, "शेवटची संधी आहे मॅडम. जुनं लॉक परत करा, तीस टक्के कमी. महिनाअखेरपर्यंत लॉक पोचलं पाहिजे." आदल्याच दिवशी मी लॉक कुरिअरने पाठवलं होतं.

कपाटातून वसतिगृहाचा छापील रिपोर्ट काढला. कॉम्बिनेशनचं पान उघडलं. एक ते पाच. सहा कुठेच नाही. खाली माझी सही आणि शिक्का.

मला भीती वाटली. टाकीच्या बरोबर खाली आठ कॉटची खोली होती, हे मला प्लॅन न बघता आठवत होतं.

कॉम्प्युटर बंद केला आणि पेन्सिल घेतली. टाकी ज्या दोन बीमवर बसली होती त्यांचं गणित हाताने मांडलं. पहिल्यांदा उत्तर इतकं वाईट आलं की पुन्हा मांडलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. आम्ही प्रत्यक्ष भाराच्या दीडपट धरून डिझाईन करतो. तो वरचा अर्धा भाग म्हणजे इमारतीची राखीव ताकद. चार वर्षं ती टाकी ही राखीव ताकद खात होती. टाकी काठोकाठ भरली की जवळपास काहीच उरत नव्हतं.

मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. आता निवृत्त आहेत. सगळं ऐकून घेतलं.

"सर, माझंच गणित चुकत असेल का?"

"असेल. कागद पाठव, तपासतो. पण आधी टाकी रिकामी कर."

मग आबांना फोन केला. ते अहिराणीतच बोलतात.

"आबा, टाकीत आता पाणी किती आहे?"

"अर्धी व्हई. उद्या सकाळले नळ येई, मंग भरसूत. काय व्हयनं ताई?"

"उद्या भरू नका."

"पाणी आठ दिवसमा एक डाव येस, ते बी भरानं नही? पोरी काय पितीन?"

"आबा, मी निघालेय. तासाभरात पोचते. तोवर त्या वरच्या खोलीतल्या मुलींना खाली बोलवा. सगळ्यांना."

पलीकडून फोन बंद झाला.

धुळ्याहून शिंदखेड्याला मी शेकडो वेळा गेले असेन. त्या दुपारी रस्ता संपत नव्हता. आपण आत्ता पोचू आणि गेटवर गर्दी दिसेल, असं डोक्यात सारखं येत होतं. मी देवाधर्मातली बाई नाही, पण त्या तासात मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते लिहायची मला लाज वाटते.

वसतिगृह उभं होतं. शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्या मुली खाली व्हरांड्यात पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. परीक्षा जवळ आली होती. मी वर गेले. बीमवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्याच्या कडेतून एक बारीक रेघ बाहेर आली होती. मी कागद काढला. रेघ बीमच्या मध्यावर, खालून वर गेलेली. केसाएवढी बारीक, पण नेमकी जिथे असायला नको तिथे.

माझ्या मागोमाग एक मुलगी आपलं दप्तर न्यायला आली होती. म्हणाली, "मॅडम, ती रेघ तर आम्ही आलो तेव्हापासूनच आहे."

मी तिला दप्तर देऊन खाली पिटाळलं.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. शिंदखेड्यात पाणी सोडून द्यायचं म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांत गल्लीतल्या बायका हंडे, कळश्या, ड्रम घेऊन आल्या. कुणी विचारलं नाही का सोडताय, आणि त्यातल्या त्यात मला तेच बरं वाटलं. टाकीचा तळ दिसेपर्यंत मी गच्चीवरून हलले नाही.

आबा ऑफिसात वाट बघत होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, धोतर, टोपी. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"चूक कोनी शे?"

"माझी."

"कमिटीले काय सांगू? सॉफ्टवेअर जुनं व्हतं, त्यानी चूक शे, असं सांगू का?"

खरं सांगते, मला मोह झाला. वाक्य तयार होतं आणि थोडंफार खरंही होतं. सही वाचली असती, नाव वाचलं असतं. धुळे-जळगावात माझ्या कामाचे लोक बोटावर मोजण्याइतके, एकाचं नाव खराब झालं की दुपारपर्यंत सगळीकडे कळतं.

"नाही आबा. मी जे सांगितलं तेच सॉफ्टवेअरने केलं. मी सांगायलाच विसरले."

"लिखी दे."

मी लेटरहेडवर लिहून दिलं.

सरांनी तपासलं, माझं गणित बरोबर निघालं. इतकं वाईट बरोबर उत्तर मला आयुष्यात कधी आलं नव्हतं. कॉलम मात्र ठीक होते, कारण मी त्यांचे आकार सवयीने वाढवून धरले होते. हे नशीब, हुशारी नव्हे. बीमखाली लोखंडी गर्डर बसवले, कॉलमपर्यंत नेऊन टेकवले. पाणी टाकीत कमीच राहावं म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप खाली घेतला. तिसऱ्या मजल्याला मी नाही म्हटलं.

मग टेस्ट. टाकी टप्प्याटप्प्याने भरायची आणि खालच्या खोलीत डायल गेज लावून बीम किती वाकतो ते मोजायचं. गेज म्हणजे घड्याळासारखी तबकडी, केसाएवढी हालचालही तिच्या काट्यावर दिसते. काही झालंच तर म्हणून बीमपासून एक सूत, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, खाली टेकू उभे केले होते. रीडिंग घ्यायला मिस्त्री तयार होता. आबा म्हणाले, "तो नही. टाकी भरस तोवर तूच खाले बठ, ताई."

मी बसले. वर पाणी पडायला लागलं, त्याचा आवाज स्लॅबमधून खाली येत होता. काटा हलला. मी आकडा वहीत लिहिला. दार वाजलं आणि आबा आत आले, समोरच्या कॉटवर बसले.

"आबा, तुम्ही बाहेर थांबा."

"मन्ह्या पोरी या खोलीमा झोपतस. मी बी बठस."

अर्धी टाकी झाली तेव्हा फोन वाजला. नीलेश होता. "मॅडम, कालच नवीन पॉलिसी आली. अजून महिनाभर थांबला असतात ना, तर चाळीस टक्के मिळाले असते."

मी फोन ठेवला.

ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी सुटलं. काटा थांबला, मर्यादेच्या निम्म्याहून खाली. चोवीस तास भार तसाच ठेवून पुन्हा रीडिंग घेतलं, ते ठीक आलं. त्यानंतरच मुलींचं सामान वर नेलं.

डाळमिलच्या त्या फाईलवरून केलेल्या बाकीच्या सगळ्या फाईली पुढच्या आठवड्यात उघडल्या. पिवळी ओळ पुन्हा आली नाही. आता प्रत्येक काम कोऱ्या फाईलपासून सुरू करते. वेळ जास्त लागतो. क्लायंट कुरकुर करतात, त्यांना करू देते.

अपग्रेड कधी घ्यावं, असं तरुण इंजिनिअर मला विचारतात, तेव्हा सवलतीचा हिशेब मी टक्क्यांत सांगत नाही. चांगली स्कीम येईल म्हणून मी थांबले, तेव्हा चार वर्षं टाकीखालच्या त्या खोलीत कोण कोण झोपलं, त्यांची यादी मी आबांकडून मागून घेतली आहे. बत्तीस नावं आहेत.