मळीचा घट्टपणा, पास्कल-सेकंदात

मी अंबडकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. मळी, म्हणजे साखर काढून उरणारा काळा चिकट पाक, किती घट्ट आहे हे मोजण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि तोच आकडा दुसऱ्या मापात बसवण्यात उरलेलं. आमचं मशीन सेंटिपॉइज दाखवतं. माझ्या आधीच्या माणसानं सगळं रजिस्टर पॉइजमध्ये भरून ठेवलंय, तेही कुठं माप न लिहिता. गेल्या हंगामात मळीच्या टाकीला नवा पंप घ्यायचं ठरलं, तर पंपवाल्यांचा फॉर्म आला पास्कल-सेकंदात. भरून पाठवला, तर दोन दिवसांनी त्यांच्या इंजिनिअरचा फोन, सेंटिस्टोक्समध्ये द्या. अरे बाबांनो, एकदाच काय ते ठरवा ना. डोक्याला ताप नुसता.

सेंटिस्टोक्स म्हटलं की घनतेनं भागणं आलं. पाच हजार सेंटिपॉइज म्हणजे पन्नास पॉइज, म्हणजे पाच पास्कल-सेकंद, आणि मूळ पाच हजारांना एक पूर्णांक चार या घनतेनं भागलं की तीन हजार पाचशे एकाहत्तर सेंटिस्टोक्स. मी तीनदा ताळा केला आणि चरफडत पाठवून दिलं.

पंप आला, बसवला, पहिले दोन दिवस दुपारी झकास चालला. तिसऱ्या दिवशी गारठा होता. सकाळच्या पाळीला चालू केला तर घुरघुरला, अडकला आणि मोटर जळाली.

पंपावर चाचा होते. कारखाना त्यांना दरवर्षी हंगामापुरतं कामावर घ्यायचा आणि हंगाम संपला की घरी पाठवायचा. कितीतरी वर्षं असंच चाललेलं. त्या वर्षी मात्र कायम करायच्या कच्च्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि त्यानंतर रिटायर व्हायला फार दिवस उरले नव्हते. मोटर जळाली तशी त्यांना नोटीस मिळाली, मळी सैल करायला टाकीत सोडायची वाफ उशिरा सोडली म्हणून. चाचा म्हणत होते वाफ वेळेवरच सोडली. ऐकतो कोण?

मला पंपवाल्यांचाच राग आला होता. घोळ त्यांचाच, हे दाखवून द्यायचं म्हणून मी सगळी गणितं पुन्हा काढून बसलो. पॉइज बरोबर, पास्कल बरोबर, घनता बरोबर. च्यायला, एकही चूक सापडेना. मग फॉर्मची नक्कल पाहिली. घट्टपणाच्या शेजारी तापमानाचा रकाना होता, आणि त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नेहमीचं'.

आमच्या लॅबमध्ये नेहमीचं म्हणजे साठ अंश. गार मळीत मशीनची चकती फिरत नाही, तासभर खोळंबा होतो, म्हणून आम्ही सगळेच नमुना आधी हीटरवर ठेवतो. कोणी शिकवलं नाही, कोणी विचारलं नाही. टाकीतली मळी पहाटे साठ अंशांवर कशी असेल? तेव्हा ती कितीतरी पट घट्ट असते. चार मापांत अचूक बसवलेला माझा आकडा मुळात दुसऱ्याच मळीचा होता.

स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. त्याच दिवशी मॅनेजरला लेखी दिलं, चूक माझी आहे, चाचांची नाही. त्यांनी शांतपणे वाचलं, कागद फाइलला लावला आणि म्हणाले, पक्की यादी सकाळीच बोर्डावर लागली. चाचांचं नाव त्यात नव्हतं. मी भांडलो, आवाज चढवला. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. वरातीमागून घोडं घेऊन आलो होतो मी.

चाचा टाकीच्या कठड्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. सेंटिपॉइज, घनता, साठ अंश, सगळं. माझं बोलून संपल्यावर ते म्हणाले, "तुम्ही नमुना न्यायला आल्ते, तव्हाच म्या म्हणलो व्हतो साहेब, पहाटंची मळी घिऊन जा मापायला. तुम्ही म्हणले, चाचा, त्यानं चकती फिरत न्हाई."

म्हणालो होतो.