सक्करदऱ्यात निवट्या उड्या मारतात तेव्हा

आज सकाळी नातवाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. चिखलावर एक मासा टुणटुण उड्या मारत चाललेला. "फेक आहे, आजी," म्हणाला.

फेक कसला मेल्या! ती निवटी. आमच्या कोकणात खाडीच्या चिखलात बिळं करून राहते. आणि मंडळी, मी तिला इथे नागपुरात, सक्करदऱ्यातल्या घरात उड्या मारताना पाहिलंय!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मला महिना झालेला. माझ्या कोकणी हेलाला सगळे हसायचे, म्हणून मी गप्पच असायचे. एक दिवस माझा भाऊ कोकणातून रेल्वेने आला, तो पत्र्याच्या डब्यात ओला चिखल आणि कालवणासाठी जिवंत निवट्या घेऊन.

सासूबाईंना त्यांची दया आली. "अवं, पाण्याबिगर मरतीन ना ते!" म्हणत त्यांनी सगळ्या निवट्या काठोकाठ भरलेल्या घंगाळात सोडल्या. निवटीला कुठलं खोल पाणी आवडायला? पटापट काठावर चढल्या आणि घरभर पसरल्या. पकडायला जावं तर सुळकन निसटायच्या. सासूसासरे दोघंही खाटेवर!

मी पदर खोचला आणि ओरडले, "चुलीतली राख आणा!"

सासऱ्यांनी लगबगीने खाली उतरून आणून दिली. राख चोळलेल्या हातातून निवटी निसटत नाही. एकूण एक पकडली.

सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "माही सून बोलते वं माय!"

सासरी मोठ्याने बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. बायांनो, तुमचं कोणतं होतं?