स्पिरिटची चकती

नाशिकच्या कॉलेजात मी एमएस्सी करत होते, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. घसा बिघडवणाऱ्या जंतूंवर अँटिबायोटिकऐवजी झाडपाला चालतो का, हा माझा विषय. दिंडोरीच्या आमच्या बांधावरची बाभळीची साल स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळणकागदाच्या टिकलीएवढ्या चकत्या त्यात बुडवायच्या आणि जंतू पेरलेल्या बशीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, की तिथले जंतू मेले.

पहिल्यांदा कडं दिसलं आणि मी एसटीनं तडक घर गाठलं. धाकट्या बहिणीचा घसा लहानपणी असाच बिघडला होता, मग सांधे धरले, हृदयाला सूज आली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई. दोन दोन दिवस लंगडायची बिचारी. माझं ऐकून तिनं उडीच मारली. "ताई, तुझी बाभळच बरी! ती सुई नको गं बाई."

दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "द्राक्षाला इतकं औषध मारतो, पोरीच्या अंगात तरी कशाला?"

तिथंच मी नाही म्हणायला हवं होतं. पण घरात पहिल्यांदाच कुणी माझं ऐकत होतं ना! सुई बंद झाली, सालीच्या गुळण्या सुरू झाल्या.

चार महिन्यांनी सरांनी विचारलं, "नुसत्या स्पिरिटची चकती कुठाय?" तुलनेला ती ठेवायचीच असते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! ठेवली, तर तिच्याभोवतीही तेवढंच कडं. मी चकत्या नीट वाळवतच नव्हते. जंतू मारत होतं ते स्पिरिट.

दिंडोरीला घराशेजारी फोन होता. त्याच दिवशी करायचा होता. नाही केला, लाज वाटली. म्हटलं, सुट्टीत जाऊन सांगू.

सुट्टीआधीच तिला धाप लागली. नाशिकला आणलं. घसा पुन्हा बिघडून गेला होता, हृदयाची झडप निकामी झाली होती. खाटेवरून तिनं विचारलं, "ताई, बाभळीनं कसं नाय गं थांबलं?"

"तू गुळण्या नीट केल्या नसशील," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

ती विचारात पडली. "हां गं. पाहुणे आले तेव्हा दोन दिवस राहिल्या खऱ्या. दादांना सांगू नको हं, रागावतील."

तिसऱ्या दिवशी ती गेली. दादांना मी आजवर काहीच सांगितलेलं नाही.