मामांनी हातोडी आणलीच नव्हती

मशीनवाले मामा आले ते हातात एवढीशी कापडी पिशवी घेऊन. सूनबाईचा धीर तिथेच सुटला. आधी आलेल्या कारागिराकडे हातोडी होती, पकड होती, नाना तऱ्हेचे पाने होते; तरी तासभर घाम गाळून तो "भंगारात द्या" म्हणत चालता झाला होता. हे म्हातारबुवा आता काय दिवे लावणार?

घर बदलायचं होतं. नवी जागा लहान, आणि नवऱ्याने सांगून टाकलं होतं की शिवणयंत्र चालत असेल तर नेऊ, नुसतं मिरवायला जागा नाही. संध्याकाळी भंगारवाला यायचा होता. यंत्र सासऱ्यांचं. त्यांनी जन्मभर त्यावर लोकांचे कपडे शिवले आणि घरच्यांना बोटही लावू दिलं नाही. ते गेल्यावर सासूबाई ते रोज पुसायच्या, त्यात तेल घालायच्या. चालवायला मात्र त्यांना येत नव्हतं. भंगारवाल्याचं नाव निघाल्यापासून त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

मामा यंत्रासमोर बसले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी पट्टा उतरवला, सुई काढली, खालची बॉबिनची डबी बाहेर घेतली आणि चिमट्याने आतला दोऱ्याचा गुंता ओढून काढला. चाक ढिम्म. मग त्यांनी चाकाच्या मधली चकती सैल केली, तसं ते एकटंच गरगर फिरलं.

"चाक निर्दोष आहे," मामा म्हणाले. "चोर आत बसलाय."

एखाद्या फौजदाराने घरातल्या एकेकाला बोलवावं तसा त्यांनी एकेक भाग तपासला. कापड दाबणारी पट्टी वरखाली झाली. ती संशयातून सुटली. शेवटी बाजूचं झाकण उघडून त्यांनी सुईच्या दांड्याला बोट लावलं, नखाने पिवळा चिवट थर खरवडला आणि नाकाशी नेला.

"हे मशीनचं तेल नाही. खाण्याचं आहे. कोण घालत होतं?"

सूनबाईने दाराकडे पाहिलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"मी," त्या म्हणाल्या. "रोज. घरातलं चांगल्यातलं चांगलं." मग आवाज खाली गेला. "म्हणजे मीच बंद पाडलं का हो?"

सूनबाई मामांना डोळ्यांनी खुणावत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ते म्हणाले. "ते तेल सुकलं की त्याचा डिंक होतो. पण इकडे या वहिनी. इथे बोट लावा." थर खरवडलेल्या जागी लोखंड चकचकत होतं. "गंजाचा ठिपका तरी आहे का? एवढी वर्षं बंद असलेली मशिनं आतून खाल्लेली असतात, त्यांना औषध नाही. डिंक सुटतो. तुम्ही रोज तेल घातलंत म्हणून हे शाबूत आहे."

सासूबाईंनी ते बोट बराच वेळ काढलं नाही.

मग मामांनी चाकाची चकती पुन्हा आवळली आणि सूनबाईकडे केस वाळवायचा ड्रायर मागितला. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तिने ओठ दाबून हसू आवरलं. ड्रायरने दांडा गरम करायचा, तेलाच्या भोकांत रॉकेलचा थेंब सोडायचा, थांबायचं, चाकाला किंचित पुढे, किंचित मागे डोलवायचं. पुन्हा गरम, पुन्हा थेंब. जोर म्हणून नाहीच.

"अजून जरा दाबून बघा ना," सूनबाई न राहवून म्हणाली.

"जोर केला की ते हट्टाला पेटतं. आणि मोडलं तर हा भाग आता कुठे मिळायचा? तुम्ही दांड्यावर बोट ठेवा, काही हललं तर सांगा."

तिने बोट ठेवलं. मामांनी डोळे मिटून घेतले आणि चाकावरचा हात तसाच ठेवला. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. काहीच होत नव्हतं.

"हललं," मामा डोळे न उघडताच म्हणाले.

तिला कळलंच नव्हतं. पुढच्या डोलण्याला मात्र बोटाखाली तिळभर, अगदी तिळभर काहीतरी सरकलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं जड लोखंड, आणि या माणसाला त्याच्या पोटातली हालचाल तळहाताने दिसत होती! असं काही असू शकतं हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. तिळभराचं दाणाभर झालं, दाणाभराचं बोटभर झालं, आणि दांडा सळकन खाली आला.

मामांनी सगळं पुसलं, मशीनचं तेल घातलं, सुई आणि बॉबिनची डबी जागेवर बसवली, पट्टा चढवला, दोरा ओवला आणि स्टूल सासूबाईंपुढे सरकवलं. "बसा."

"मी? ह्यांनी कधी हात लावू..." सासूबाई अडखळल्या. मग पदर खोचून बसल्या. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं आणि दोरा तटकन तुटला. मामांनी तो पुन्हा ओवला. मग जुन्या उशीच्या अभ्र्यावर वाकडीतिकडी शिवण धावू लागली आणि खोलीभर खडखडाट झाला. सूनबाईचे डोळे भरून आले.

खालून नवऱ्याची हाक आली, "आई, भंगारवाला आलाय! काय सांगू?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. पायही थांबवले नाहीत.

"सांग, काही मिळायचं नाही! आणि म्हणावं, तुझं पोतं उसवलं असेल तर वर घेऊन ये, शिवून देते!"

"अहो वहिनी, पोतं नको," मामा घाईघाईने म्हणाले, "सुई मोडेल!"